सातवा गवत्या

श्रावणातल्या पहिल्या सोमवारी सकाळी तळ्याच्या पश्चिमेकडल्या काठाला शिंगाड्याची पाने सुटून तरंगत होती. वाऱ्याने तुटलेले पान देठासकट येते. ही पाने देठाशी कापल्यासारखी होती. मी तिसऱ्या पायरीवर उभी होते. लतिका छातीभर पाण्यात होती आणि एकेक पान उचलून, उलटे करून, बारकाईने पाहत होती.

"अम्माजी, कीड़ा होता तो पत्ते में छेद होता," ती म्हणाली. "जे तो कोई चर रओ है."

"बतख आती होगी."

"बतख बेल को नीचे नहीं खींचती." मग तिने माझ्याकडे पाहिले. "मछली तो नहीं रह गई कोई?"

"सात छोड़ी थीं, सात निकालीं. मेरे सामने गिनी गईं."

"हाँ, सो तो है." तिने लगेच मान खाली घातली आणि पुढच्या ओळीकडे वळली.

माझ्या शब्दापुढे तिने आजवर दुसरा शब्द ठेवलेला नाही. त्या सकाळी नेमकी तीच गोष्ट मला सोसवेना. कारण तळ्यातून सहाच मासे निघाले होते, आणि हे साऱ्या जबलपुरात मला एकटीलाच ठाऊक होते.

हे तळे आमच्या घराण्याला नागपूरकरांच्या चाकरीत मिळाले. गोहलपुराच्या पलीकडे तेव्हा नुसती शेते होती. आता तिन्ही बाजूंनी घरांच्या गच्च्या पाण्यात डोकावतात. चौथ्या बाजूला आमचे घर आणि दगडी पायऱ्या. तळ्यात शिंगाडा लावायचा तो बळीराम बर्मनच्या घराने, ही रीत माझ्या सासऱ्यांपासूनची. त्यांच्यातल्या कोणी लावायचा, हे त्यांचे घर ठरवते. आम्ही त्यात तोंड घालत नाही. बळीरामने तीस वर्षे लावला. मग त्याचे गुडघे गेले, पाच वर्षे लावणी झाली नाही, आणि पहिल्या दोन वर्षांतच तळे पाणवनस्पतींनी असे भरले की पाण्यावरून मांजर चालत जाईल. त्याच सुमारास वर्तमानपत्रात मी गवत्या माशाविषयी वाचले. हा मासा किडे-मुंग्या खात नाही, गवत खातो. मी सात पिल्ले आणवली. त्यांनी तळे आरशासारखे केले. त्यांना गवत आणि शिंगाडा यांतला भेद कळत नाही, हे वर्तमानपत्रात लिहिलेले नव्हते.

यंदा बळीरामने तळे आपल्या धाकट्या सुनेला, लतिकेला, दिले. धाकटा मुलगा ट्रकवर असतो, महिन्यातून दोनदा घरी येतो. थोरल्याला, तिच्या जेठाला, हे रुचले नाही. चार माणसांत तो म्हणाला, "औरत से तालाब नहीं सँभलता. एक फसल बिगाड़ दे, फिर तालाब मेरा." बळीरामने खाटेवरून होकार दिला, लतिकेने उभ्याने दिला. लावणीच्या आधी जाळे ओढून मासे काढायचे ठरले, आणि मोजणी अर्थात माझ्याकडे आली.

ज्येष्ठातल्या त्या दुपारी चौघांनी जाळे ओढले. जाळे पायऱ्यांजवळ आवळत आले तसे मासे उसळू लागले. माणसे त्या खळबळीशी झटत असताना सातवा, सर्वांत मोठा, जाळ्याच्या दोरीवरून एका झेपेत पलीकडे गेला. मी पाहिले. टोपल्या भरल्यावर जाळेवाल्याने विचारले, "पूरी हो गईं, अम्माजी?" आणि मी म्हणाले, "सात. पूरी."

का म्हणाले, ते सांगणे अवघड आहे, पण सांगते. त्या माशाला मी तीन वर्षे माझ्या हातची पोळी घातली होती. सकाळी तिसऱ्या पायरीवर बसून पितळी गडू दगडावर तीनदा वाजवला की तो कुठूनही येई. आधी पाण्यावर एक लांब रेघ उमटे, मग राखाडी पाठ दिसे, मग तो तोंड उघडून पोळीचा तुकडा असा अलगद आत घेई की पाण्याला सुरकुती पडू नये. यजमान गेल्यानंतर माझ्या बोलावण्यावर इतक्या तत्परतेने येणारे घरात दुसरे कोणी उरले नव्हते. शिवाय माझी एक समजूत होती. पोट भरलेला पाहुणा दुसऱ्याच्या पानात हात घालत नाही, हे मी माहेरी शिकले आणि सासरी पाळले. मी ठरवले, याला आपण पोटभर घालू; शिंगाड्याकडे तो बघणारही नाही. दोन पोळ्यांच्या चार केल्या, चारांच्या सहा.

"आजी, रोज सहा पोळ्या एक्स्ट्रा कोण खातं?" माझी नात चिन्मयी विचारी. ती बँकेत आहे. मराठी तिला कळते, बोलताना अर्ध्या वाटेवर हिंदीत शिरते. "गाय तर आपल्याकडे आहे नहीं."

"प्रश्न कमी, पोळ्या जास्त," मी म्हणे.

मंगळवारी पहाटे मी सहाच्या आठ पोळ्या नेल्या. गडू वाजवला. रेघ उमटली. त्याने एकामागून एक आठही पोळ्यांचे तुकडे खाल्ले, शेवटचा तर माझ्या बोटांपासून वीतभर अंतरावर. मला हायसे वाटले. मग तो वळला, संथपणे पश्चिमेकडल्या ओळीशी गेला, शिंगाड्याच्या पानांचे एक हिरवे चक्र तोंडात धरले आणि वेलासकट खाली ओढून नेले. थोड्या वेळाने तीन पाने वर आली. मग दुसरे चक्र गेले.

मी तिथेच बसून राहिले. तीन ओळी आधीच विरळ झाल्या होत्या. लतिकेच्या घरामागच्या डबक्यात रोपांचा एकच वाफा शिल्लक होता, आणि राखीनंतर लावलेला वेल फळ धरत नाही हे इथे लहान मुलालाही ठाऊक आहे. राखीला अकरा दिवस होते. जाळे ओढावे तर सगळे तळे वेलांनी विणलेले. एका ओढीत लतिकेची पुरी लावणी उपटून आली असती. उरला गळ. आणि आमच्या तळ्यात गळ टाकायचा नाही, हा नियम माझाच.

मी गुणवंताला बोलावले. तो मागच्या गल्लीतला, फॅक्टरीतून निवृत्त झालेला. दर रविवारी बरगी धरणाच्या पाण्यावर गळाची काठी घेऊन बसतो. पिढ्यान्‌पिढ्या जबलपुरात काढूनही बोली त्याच्या आजोबांची, वर्ध्याकडची.

"काकू, बारा वर्षांमागं तुम्ही माझी काठी पायाखाली मोडली होती, याद आहे नं?" खुर्चीवर बसण्याआधीच त्याने विचारले.

"आहे. काठी हलकी होती."

"जपानी होती जी!"

"मोडली म्हणजे हलकीच. बस."

तो बसला. मी त्याला सगळे सांगितले, खोट्या मोजणीसह. हे मी ज्या पहिल्या माणसाला सांगितले तो गुणवंत असावा, हा माझ्या नशिबाचा विनोद. तो हसला नाही. गाल खाजवत म्हणाला, "गवत्या मोठा लाजाळू, काकू. सासूवानी असते त्याचं. वरून शांत दिसते, पण जराशी सावली पडली का—"

"कोणाच्या सासूसारखं?"

"तुमचं नाही म्हणून राहिलो जी! जनरल बोलून राहिलो." त्याने पटकन चहाचा घोट घेतला. "पाण्याखाली गळ टाकून उपयोग नाही. तो वर येऊन खाते, तर वरच फसवा लागते. पोळीच तरंगवू. दोरीला वजन नाही, काही नाही. अन् एक गोष्ट. त्यानं तोंड उघडलं का आपला हात आपोआप झटका मारते, अन् पोळी निसटते. तो वळला पाहिजे. वळेपर्यंत श्वास सोडायचा नाही."

"आणि निसटला तर?"

"तर महिनाभर वर येत नाही. एकच चान्स समजा."

बुधवारी तो पहाटे आला. मी दारातून पाहत होते. त्याने पोळी तरंगवली, कडुलिंबाच्या आड बसला, गडूही वाजवला. रेघ अर्ध्या तळ्यापर्यंत आली, थांबली आणि बुडाली. दोन तास पोळी भिजून फुगत राहिली. गुरुवारी त्याने पाव आणला, तेच झाले. तोवर चौथी ओळ विरळ झाली होती. त्या दोन दिवसांत मला अन्न गोड लागले नाही. दुपारी डोळा लागला की पाने देठापासून तुटल्याचा बारीक आवाज ऐकू येई, आणि उठून खिडकीशी जाई तर तळे मुके.

"तुमच्यासाठीच येते तो, काकू," गुरुवारी काठी आवरताना गुणवंत म्हणाला. "मी गडू वाजवतो तर त्याला कळते का हा दुसराच कोनी आहे. तुमच्याच हातानं टाका लागेल."

"माझ्या हाताने?"

"जे काठी काहे को?"

लतिका मागच्या फाटकातून आत आली होती. खांद्यावर रोपांची टोपली होती, शेवटच्या वाफ्यातली. तिने गुणवंताकडे पाहिले, पायरीवरच्या पावाकडे पाहिले, मग माझ्याकडे. गुणवंत काही तरी थाप मारण्याच्या बेतात होता. मी हाताने त्याला गप्प केले.

"एक रह गई है," मी म्हणाले. "सबसे बड़ी. जाल के ऊपर से कूद गई थी. मैंने देखा था."

तिने टोपली पायरीवर उतरवली. टोपलीतून पाणी गळत होते.

"आपने देखा था."

"हाँ."

"और गिनती में सात बोलीं."

"बोली."

"मैंने जेठ के सामने आपका नाम लिया था," ती म्हणाली. आवाज चढवला नाही; चढवला असता तर बरे झाले असते. "परसों ही. वो बोले तालाब में मछली छोड़ रखी है तूने. मैंने कहा अम्माजी ने गिनी हैं. अम्माजी ने गिनी हैं तो गिनी हैं."

अठ्ठ्याहत्तर वर्षांत अनेकांना मी निरुत्तर केले. त्या जागी स्वतः उभे राहायची सवय मला नाही.

"कब पकड़ोगी?" तिने विचारले.

"कल सबेरे."

"मैं आऊँगी." टोपली उचलून ती पाण्यात उतरली आणि त्या दिवशी माझ्याकडे पुन्हा तिने पाहिले नाही.

शुक्रवारी आभाळ झाकलेले होते. ते बरे, गुणवंत कुजबुजला, सावली पडणार नाही. त्याने काठी माझ्या हाती दिली, दोरीची चरखी कशी सोडायची ते दोनदा दाखवले आणि स्वतः कडुलिंबामागे गेला. चिन्मयी ओसरीत होती; तिला मी फोन आत ठेवायला लावला होता. लतिका पायऱ्यांच्या उत्तर टोकाला, शिंगाड्याच्या पहिल्या ओळीजवळ, साडी खोचून उकिडवी बसली होती.

पोळी मी स्वतः लाटली होती. गळ तिच्या कडेत असा ओवला होता की पोलाद दिसू नये. मी बिनगळाचे चार तुकडे टाकले, मग पाचवा, गळाचा. गडू वाजवला, एकदा, दोनदा, तीनदा. गडूचा आवाज मला परका वाटला. त्यालाही वाटला असावा, कारण पाणी निश्चल राहिले.

मी वाट पाहिली. पोळीचे तुकडे वाऱ्याने हळूहळू उजवीकडे सरकू लागले, गळाचाही. आणखी हातभर सरकला असता तर वेलांत अडकला असता. मी दोरी ओढावी का? ओढली तर तुकडा चालू लागेल, आणि चालणारी पोळी त्याने कधी पाहिलेली नव्हती. मी ओढली नाही. कपाळावरून घाम डोळ्यांत उतरला तरी हात हलवला नाही.

मग रेघ उमटली. पलीकडच्या गच्चीखालून, तिरपी, नेहमीसारखीच निघाली. पाठ दिसली. त्याने पहिला तुकडा घेतला, दुसरा घेतला. तिसऱ्यापाशी तो थांबला आणि मला वाटले, आता कळले. पण तो नुसता चघळत होता. चौथा घेतला. मग पाचव्याखाली आला आणि स्थिर राहिला. पोळीखाली त्याचे तोंड मला दिसत होते, फिकट, पुढे आलेले, म्हाताऱ्या माणसाच्या बोळक्यासारखे. माझ्या मनात एक दुष्ट प्रार्थना उठली, की त्याने वळून निघून जावे. ती प्रार्थना कोणाच्या विरुद्ध होती ते उत्तर टोकाला बसले होते. मी ती गिळली.

तुकडा नाहीसा झाला. मी श्वास सोडला नाही. तो वळला.

मी काठी उचलली.

आणि काहीच झाले नाही. हेच मला सर्वांत भयंकर वाटते, अजूनही. तो दाव्याला बांधलेल्या वासरासारखा माझ्याकडे येऊ लागला, संथ, विश्वासाने, जणू मीच बोलावले आहे. मी चरखी फिरवत होते आणि तो येत होता. "हळू, काकू, हळू," गुणवंत म्हणत होता, "आता काठाशी आला का भडकते तो." पायरीपासून दोन हातांवर त्याचा डोळा वर फिरला. मग पाणी फुटले.

माझ्या तोंडावर, अंगावर, सगळीकडे पाणी. काठी वाकून पायरीवर आपटली. चरखी किंचाळली. दोरी सरळ वेलांच्या दिशेने पळाली आणि मी, मूर्खपणाने, ती हाताने धरली.

"दोरी धरू नका जी! सोडा! हात जाईल!"

तळवा चिरत गेला. मी सोडली नाही. तो शिंगाड्यात शिरला असता तर दोरीने पाच-सहा ओळी कापून गेला असता. पण लतिका आधीच पाण्यात होती. ओळीच्या पुढे, कमरेइतक्या पाण्यात, दोन्ही हात पसरून ती पाणी झोडपत होती, शिव्या देत होती, त्या माशाला की मला, कोण जाणे. तो तिच्या अंगावर आदळला. ती कोलमडली, उठली, पुन्हा झोडपू लागली. तो वळला, खोल पाण्याकडे. गुणवंताने माझ्या हातून काठी घेतली आणि मी त्याला घेऊ दिली.

तो वीस मिनिटे दमला नाही. मग एकदम दमला. लतिकेने कल्ल्यात बोटे घालून त्याला पायऱ्यांवर ओढला. चिन्मयी धावत आली, माझा हात पाहून किंचाळली, आणि मग तिचे लक्ष माशाकडे गेले. तो तिच्या हाताएवढा लांब होता.

"दहा किलोच्या खाली नाही," गुणवंत धापा टाकत म्हणाला. "काकू, ओल्या बोऱ्यात गुंडाळून बरगीच्या पाण्यात सोडून येऊ. मी नेतो स्कूटरवर. जिवंत राहील."

त्याने ते माझ्यासाठी सुचवले, हे मला कळले. आमच्या घरात मासळी शिजत नाही. मारलेली पायऱ्यांवर पडत नाही. मी हो म्हणणारच होते.

"जहाँ छोड़ोगे, वहाँ भी किसी की बेल होगी," लतिका म्हणाली. ती ओली, चिखलाने माखलेली, कंबरेवर हात ठेवून उभी होती.

त्या पायऱ्यांवर पन्नास वर्षे निवाडे मीच दिले. मी म्हणाले, "तू बोल, लतिका. जो तू कहेगी."

तिने पायरीवरचा एक सुटा दगड उचलला. चिन्मयीने तोंड फिरवले. मी फिरवले नाही. खाताना मी त्याला पाहत होते, हेही पाहिले. मग तिने मासा ओल्या गमछ्यात बांधला, खांद्यावर घेतला आणि फाटकाकडे चालू लागली.

"थांब," मी म्हणाले. "मैं भी चलती हूँ. तेरे जेठ के पास."

हाताला फडके बांधून मी तिच्याबरोबर ऑटोत बसले. माशाचे ओझे आमच्या दोघींच्या पायांशी होते. बळीरामच्या अंगणात थोरला दात घासत होता. मला पाहून त्याने घाईघाईने चूळ भरली आणि खुर्ची आणली. मी बसले नाही.

"शर्त यह थी कि फसल लतिका के हाथ से बिगड़े," मी म्हणाले. "चार कतारें मेरे हाथ से बिगड़ी हैं. एक मछली मैंने रख ली थी."

खाटेवरून बळीराम उठायचा प्रयत्न करू लागला. "अम्माजी की गिनती में भूल? तीस साल में कभी नहीं हुई."

"भूल नहीं थी, बळीराम. झूठ था."

अंगणात शेजारच्या दोन बायका उभ्या होत्या. त्यांनी ऐकले, ऐकावे म्हणूनच मी मोठ्याने बोलले होते. थोरल्याने गमछ्यातल्या माशाकडे पाहिले, मग माझ्या हाताकडे.

"कातिक में देखेंगे," तो शेवटी म्हणाला. म्हणजे त्याने काही सोडले नव्हते. शिंगाडा उतरेल तेवढा उतरेल, आणि त्यावर ठरेल. मी लतिकेसाठी एवढेच मिळवू शकले, की कमी उतरला तर कोणामुळे, हे गावाला माहीत असेल.

परतताना लतिका मला ऑटोपर्यंत सोडायला आली. मी वाट पाहत होते की ती काही म्हणेल. जाऊ द्या अम्माजी, असे काही तरी, जे आमच्याकडे मोठ्यांना म्हणतात.

"चार कतारें फिर से लगानी हैं," ती म्हणाली. "अकेले से राखी तक नहीं होंगी. कल पाँच बजे पायरी पे बैठना. बेल बाँधना सिखा दूँगी."

मला कोणी वेळ नेमून दिल्याला किती वर्षे झाली, मी आठवू लागले आणि सोडून दिले.

शनिवारी पाचला मी पायरीवर होते. तीन-तीन वेल घ्यायचे, बुंध्याशी एकत्र गाठ मारायची, आणि ती जुडी लतिकेच्या हाती द्यायची. ती पायाच्या अंगठ्याने गाठ चिखलात रोवते आणि पुढे सरकते. उजवा तळवा बांधलेला होता, त्यामुळे गाठ मला डाव्या हाताने आणि दातांनी मारावी लागत होती. तोंडात चिखलाची चव आली. पहिली जुडी मी पुढे केली. लतिकेने ती हातात घेतली, ओढून पाहिली, आणि परत माझ्या मांडीवर टाकली.

"ढीली है, अम्माजी. फिर से."

मी गाठ सोडली आणि पुन्हा बांधू लागले.